फटींतून दिसणारी अक्षरं : सायकेडेलिक कॉन्सर्ट पोस्टर कसं करायचं

सायकेडेलिक पोस्टर, म्हणजे वितळल्यासारख्या अक्षरांचं आणि डोळ्यांसमोर थरथरणाऱ्या रंगांचं कार्यक्रमाचं पोस्टर, करायचं ठरलं की बहुतेक जण आधी फॉन्ट शोधायला निघतात. दहा मिनिटांत एखादा वळणदार फॉन्ट सापडतो, त्यात बँडचं नाव टाइप होतं, मागे सप्तरंगी ग्रेडियंट येतो आणि जे तयार होतं ते बर्फाच्या गोळ्याच्या गाडीवरच्या पाटीसारखं दिसतं. सॅन फ्रान्सिस्कोत १९६६-६७ साली जी पोस्टरं छापली गेली, त्यांतलं शीर्षक फॉन्टने लिहिलेलं नव्हतं. ते हाताने भरलेल्या जागेतून निघालेलं असायचं आणि छपाईला दोन-तीन सपाट शाया असायच्या. एवढ्यावरच ती पोस्टरं भिंतीवर हलल्यासारखी दिसत.

इतिहास लागेल तेवढाच सांगतो. फिलमोर ऑडिटोरियममधल्या कार्यक्रमांसाठी आयोजक बिल ग्रॅहम पोस्टरं करून घेत, अ‍ॅव्हलॉन बॉलरूमसाठी चेट हेल्म्स यांची ‘फॅमिली डॉग’ मंडळी. काढणाऱ्यांत वेस विल्सन, व्हिक्टर मोस्कोसो, रिक ग्रिफिन, स्टॅन्ली माउस, आल्टन केली आणि बॉनी मॅक्लीन ही नावं महत्त्वाची. विल्सन यांच्या अक्षरांचं मूळ व्हिएन्नात आहे. आल्फ्रेड रोलर यांनी १९०३ साली सेसेशन या तिथल्या कलाकार-गटाच्या प्रदर्शनाच्या पोस्टरवर चौकोनी ठोकळ्यांत कोंबलेली अक्षरं काढली होती, विल्सन यांनी ती वितळवली. जुलै १९६६ मधलं त्यांचं फिलमोरचं पोस्टर शोधून डोळ्यांसमोर ठेवा: हिरव्या जमिनीवर लाल अक्षरांचीच पेटलेली ज्वाळा. मोस्कोसो येल विद्यापीठात जोसेफ आल्बर्स यांच्याकडे रंग शिकले होते. कोणते दोन रंग शेजारी ठेवू नयेत हे तिथे शिकले आणि पोस्टरांत मुद्दाम तेच रंग शेजारी ठेवले. अक्षरांचा धडा विल्सन यांच्याकडून घ्यायचा आणि रंगांचा मोस्कोसो यांच्याकडून.

कागदाचं माप आणि प्रोग्रॅम

जुन्या पोस्टरांचं माप साधारण १४ × २० इंच. आपल्याकडे ते सोयीचंही पडतं. २० × ३० इंची शीटमध्ये अशी दोन पोस्टरं शेजारी शेजारी बसतात आणि २ इंच रुंदी उरते. लांबीकडे मात्र काहीच उरत नाही, म्हणून चित्र कडेपर्यंत नेऊ नका. चारही बाजूंना अर्धा इंच पांढरी किनार ठेवली की ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर सोडायचं चित्र) लागत नाही आणि मशीनचा ग्रिपर, म्हणजे कागद पकडणारा चिमटा, त्या किनारीत मावतो. ग्रिपरला किती जागा हवी ते छापखान्यात आधी विचारून घ्या. १० ते १२ मिमी धरून चाललं की सहसा अडत नाही. पन्नासेक प्रतीच हव्या असतील तर ए-३ माप घ्या आणि १३ × १९ च्या शीटवर डिजिटल काढा. मात्र पुढे शायांबद्दल जे सांगितलं आहे, त्यातलं बरंचसं डिजिटलवर मिळणार नाही.

दोन प्रोग्रॅम लागतात. अक्षरं कोरायला व्हेक्टर प्रोग्रॅम (रेघा-आकारांत चित्र काढणारा) आणि पान बांधून शाया वेगळ्या करायला लेआउटचा प्रोग्रॅम. फुकटात इंकस्केप आणि स्क्रायबस, पैसे मोजून इलस्ट्रेटर आणि इनडिझाइन. इथले मेनू मुख्यतः फुकट जोडीचे आहेत, वाट वेगळी आहे तिथे दुसऱ्या जोडीचंही सांगितलं आहे. सगळं एकट्या लेआउट प्रोग्रॅममध्ये करायचा मोह टाळा. तिथे मजकुराची चौकट असते, आणि इथे मोडायची ती नेमकी चौकटच.

आधी मजकूर तोडा

आयोजकांकडून आलेला मजकूर नेहमीच जास्त असतो. त्याचे दोन ढीग करा. मुख्य नाव, सोबतचे एक-दोन कलाकार आणि फार तर वार हे कोरलेल्या अक्षरांत जाईल. तारीख, वेळ, जागा, तिकीट, फोन हे सगळं साध्या टायपात, एका ओळीत किंवा एका कोपऱ्यात. ‘वाचायला कठीण’ हा या शैलीचा गुण खरा. पण माणूस रस्त्यात थांबून नाव सोडवतो ते त्याला मजा येते म्हणून. तारीख सोडवायला कोणी थांबत नाही. कोरलेल्या अक्षरांची मर्यादा चाळीसच्या आसपास ठेवा. त्यापुढे गेलात तर फटी इतक्या बारीक होतात की छपाईत बुजतात.

कप्पे पाडणं

पेन्सिल घ्या. कागदावर १४ × २० च्या प्रमाणातला आगपेटीएवढा आयत काढा आणि त्यात एकच मोठी काळी आकृती काढा: ज्वाळा, थेंब, केसांचा लोट, मोराचा पिसारा, काहीही. अशा दहा-बारा आकृत्या काढून बघा. आगपेटीच्या मापात जी आकृती चटकन ओळखू येते ती निवडा, कारण अक्षरं वाचता आली नाहीत तरी लांबून एवढी आकृती दिसतेच. निवडलेली मोठी करून स्कॅन करा आणि इंकस्केपमध्ये खालच्या थरावर फिकट करून ठेवा.

पेन टूलने आकृतीचा बंद पाथ, म्हणजे बाह्यरेखा, काढा आणि सपाट काळा भरा. आता ती आडवी चिरायची. एका कडेच्या थोडं बाहेरून सुरू होऊन दुसऱ्या कडेच्या बाहेर जाणारी वाहती रेघ काढा, रेघ आणि आकृती दोन्ही निवडा आणि पाथ मेनूतलं डिव्हिजन वापरा (कंट्रोल आणि तिरकी रेघ). एका वेळी दोनच वस्तू निवडायच्या. इलस्ट्रेटरमध्ये याला ‘डिव्हाइड ऑब्जेक्ट्स बिलो’ आहे. असे चार-पाच पट्टे पडले की प्रत्येक पट्टा उभ्या रेघांनी अक्षरांइतक्या कप्प्यांत चिरा.

पहिल्या प्रयत्नात पट्टे सारख्या जाडीचे येतात आणि पोस्टर झेब्र्यासारखं दिसतं. एक पट्टा दुसऱ्याच्या निदान दुप्पट उंच हवा, आणि एकाच पट्ट्यात डावीकडची उंची उजवीकडच्या तिप्पट झाली तरी बिघडत नाही, उलट हवीच. दुसरी चूक रेघांच्या दिशेची. शेजारच्या दोन रेघा एकमेकींचा अंदाज घेत वाहिल्या पाहिजेत. एक वर आणि लगतची खाली वळली की मध्ये चिमटा बसतो, आणि त्या चिमट्यात सापडलेलं अक्षर मरतं.

कप्पे झाले की प्रत्येकाची कड ०.७५ मिमी आत घ्या. पाथ मेनूतला डायनॅमिक ऑफसेट (कंट्रोल आणि जे) ओढून घेता येतो, किंवा प्रेफरन्सेसमध्ये पायरीचं माप भरून इनसेट वापरा. इलस्ट्रेटरमध्ये ऑफसेट पाथला उणे ०.७५ द्या. मग कोणत्याही दोन कप्प्यांत १.५ मिमीची गल्ली राहते आणि ती सगळीकडे सारखीच राहते. या शैलीची अर्धी शिस्त त्या सारख्या गल्लीत आहे. आकार कितीही वेडेवाकडे असोत, मधली जागा एका मापाची असली की डोळ्याला ती सगळी एकाच अंगाची वाटतात.

फटी

आता कप्पा काळा आणि भरलेला आहे. त्यात अक्षर बसवायला जाऊ नका, त्यातून कमीत कमी जागा काढून टाका. रोमन लिपीत हे लगेच कळतं. ‘ई’ म्हणजे उजव्या कडेने आत शिरलेल्या दोन फटी. ‘एच’ला वरून एक आणि खालून एक. ‘ए’ला वर छोटं भोक आणि खालून एक फट. ‘ओ’ला मधोमध एक उभी चीर, बस. बाहेरची कड कप्प्याचीच राहते, तिला हात लावायचा नाही.

फट काढायची ती थेंबाच्या आकाराची, तोंडाशी ३-४ मिमी आणि आत निमुळती होत गेलेली, पण टोक गोल. सुईसारखं टोक छापताना शाईने भरून येतं आणि फट आखूड दिसते. १४ × २० च्या पोस्टरवर १.२ मिमीपेक्षा अरुंद फट ठेवू नका. स्क्रीन प्रिंटिंग करणार असाल तर १.५ मिमी धरा. फट कप्प्याच्या वळणाबरोबर वळली पाहिजे. वाकड्या कप्प्यात सरळ फट गेली की ते अक्षर पट्ट्यातून उपटून काढल्यासारखं दिसतं.

फटीचा पाथ कप्प्यावर ठेवून दोन्ही निवडा आणि डिफरन्स करा (कंट्रोल आणि वजा). त्याआधी सगळ्याची नक्कल वेगळ्या थरावर ठेवून तो थर बंद करा. डिफरन्स झाल्यावर फट सरकवता येत नाही, आणि सरकवावी तर लागतेच.

घाईचा मार्गही आहे: जाड फॉन्टात टाइप करा, ऑब्जेक्ट टू पाथ करा आणि एन्व्हलप डिफॉर्मेशनने कप्प्याच्या आकारात ताणा. इलस्ट्रेटरमध्ये ‘मेक विथ टॉप ऑब्जेक्ट’. पण ताणल्यावर उभ्या रेघा एका टोकाला सुजतात, दुसऱ्या टोकाला सुतासारख्या होतात आणि नोड (पाथवरचे बिंदू) शेकड्यांनी वाढतात. ताणलेलं अक्षर सांगाडा समजा, त्यावरून नव्याने फटी काढा आणि सांगाडा फेकून द्या. सिम्प्लिफायची कळ एकदाच दाबा. पुन्हा पुन्हा दाबली की सगळे कोपरे साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत होतात.

तेच देवनागरीत

मराठी कार्यक्रमाचं पोस्टर असेल तर देवनागरी इथे रोमनपेक्षा वरचढ आहे, कारण पट्ट्याची वरची कड आयतीच मिळते: शिरोरेखा. ती सरळ असायला हवी असं कोणी सांगितलेलं नाही. ती लाटेसारखी, कमानीसारखी, ज्वाळेच्या कडेसारखी वाहू द्या आणि अक्षरं तिला लोंबकळू द्या. रोमनमध्ये दर अक्षरामागे गल्ली लागते. इथे एका शब्दातली अक्षरं वरून जोडलेली ठेवून गल्ली फक्त शिरोरेखेच्या खालून द्यायची. दोन शब्दांमध्ये मात्र गल्ली पट्ट्याच्या वरच्या कडेपर्यंत न्यायची, नाहीतर शब्द चिकटतात.

‘जलसा’ हा शब्द घेऊ. पांढरी किनार सोडून पट्टा सुमारे ३३० मिमी रुंद. त्यात ‘ज’ला ९५, ‘ल’ला ९५ आणि ‘सा’ला १४० मिमी. ‘ज’ म्हणजे उजवीकडची दांडी आणि तिच्यापासून डावीकडे निघून खाली वळलेला आकडा. आकड्याच्या वर डाव्या कडेने शिरणारी एक फट आणि आकड्याच्या पोटात खालून एक, दोन फटींत ‘ज’ उभा राहतो. ‘ल’ मराठी वळणाचा, पाकळीचा घ्या; त्याच्या दोन पोटांत खालून एकेक फट पुरते. ‘सा’तला काना हा नुसता एक खांब. ‘स’ची दांडी आणि काना यांच्यामध्ये खालून शिरोरेखेपर्यंत एक उभी फट द्या, आणि ती पट्ट्यातली सगळ्यात लांब फट असू द्या. ती आखूड राहिली तर दांडी आणि काना मिळून एकच जाड खांब दिसतो आणि ‘जलस’ असं वाचलं जातं.

फटी कमी करायच्या हा नियम खरा, पण देवनागरीत काही फटींवर अर्थ अवलंबून असतो. ‘म’ आणि ‘भ’, ‘घ’ आणि ‘ध’, ‘य’ आणि ‘थ’ यांतला ठळक फरक शिरोरेखेच्या डाव्या तुकड्यात असतो: ‘भ’, ‘ध’, ‘थ’ यांच्या डोक्यावर ती तुटलेली असते. अख्खी शिरोरेखा जाड काळ्या पट्ट्यात बुडवलीत की ‘धमाल’ची ‘घमाल’ होते. या तीन अक्षरांवर शिरोरेखेत निदान २ मिमीचा खाचा ठेवाच. ‘ख’ काढताना ‘र’चा पाय आणि ‘व’चं पोट खाली जोडून घ्या, नाहीतर ‘रव’ वाचलं जाईल. अनुस्वार हा ठिपका न काढता थेंब काढा, म्हणजे वरच्या पट्ट्याच्या वळणात तो मावतो. वेलांटी आणि मात्रा ज्वाळेच्या जिभांसारख्या वरच्या पट्ट्यात घुसू द्या, उकार खालच्या पट्ट्यात उतरू द्या. पट्टे एकमेकांत अडकतात ते इथेच, आणि रोमनमध्ये ही मौज नाही.

सांगाड्यासाठी फॉन्ट हवाच असेल तर मुंबईच्या एक टाइपचा ‘बालू’ फुकट मिळतो आणि तो पुरेसा जाड आहे. इंकस्केप जोडाक्षरं नीट जुळवतो. इलस्ट्रेटर आणि इनडिझाइनमध्ये परिच्छेदाचा कंपोझर वर्ल्ड-रेडी नसेल तर वेलांटी भलत्या अक्षरामागे जाते आणि जोडाक्षरं फुटतात. पाथ करण्याआधी तेवढं तपासा. पाथ केल्यावर अक्षरांचे तुकडे एकमेकांवर चढलेले असतात, विशेषतः शिरोरेखेवर. अनग्रुप करून युनियन करा (कंट्रोल आणि अधिक). ते राहिलं तर पुढे ट्रॅपसाठी, म्हणजे एक रंग दुसऱ्यावर किंचित चढवण्यासाठी, रेघ देताना प्रत्येक सांध्यावर रेघ उमटते आणि शिरोरेखा बांबूच्या पेरांसारखी दिसते.

इथवर सगळं काळ्या-पांढऱ्यात आहे. ए-४ वर छापून भिंतीला लावा आणि ज्याला शब्द माहीत नाही अशा कोणाला तरी तीन-चार पावलांवर उभं करा. बघताक्षणी वाचलं तर अक्षरं फार साधी झाली. अर्धा मिनिट होऊनही वाचलं नाही तर कुठली तरी फट चुकली. कुठे अडकलं तेवढं विचारा आणि नेमकी तीच फट दुरुस्त करा, बाकीच्यांना हात लावू नका.

रंग का थरथरतात

रंगांचा परिणाम भडकपणाने येत नाही. डोळा कड ओळखतो ती मुख्यतः उजेड-अंधाराच्या फरकावरून. शेजारच्या दोन रंगांचा उजळपणा सारखाच ठेवला, पण रंगछटा एकमेकींच्या विरुद्ध आणि दोन्ही पूर्ण शुद्ध ठेवल्या, तर डोळ्याला कड नक्की कुठे आहे ते ठरवता येत नाही आणि ती थरथरते. काळ्यावर पिवळं हे त्याच्या नेमकं उलट. तो रस्त्यावरच्या सूचनेचा रंग आहे, तो स्थिर राहतो.

पडद्यावर बघायचं तर तीन आकडे उपयोगी आहेत. शुद्ध लाल (आरजीबी २५५-०-०) घ्या. त्याच उजळपणाचा हिरवा ०-१४८-० आणि निळा ०-१२२-२५५. शुद्ध हिरवा ०-२५५-० लालपेक्षा कितीतरी उजळ आणि शुद्ध निळा ०-०-२५५ बराच काळोखा असतो. म्हणून ‘लाल-हिरवा ठेवला तरी काही होत नाही’ अशी तक्रार ऐकू येते. तपासायला गिंप या फुकट फोटो-प्रोग्रॅममध्ये डिसॅच्युरेट उघडून त्यात ल्युमिनन्स निवडा, लुमा नाही. लुमा लाल रंग उगाच गडद दाखवतो. करड्या चित्रात अक्षरं जवळपास नाहीशी झाली की जोडी जमली.

छपाईत मात्र हे काम सोपं आहे, आणि ते फारसं कोणी सांगत नाही. आर्ट पेपरवर (लेप दिलेल्या गुळगुळीत कागदावर) नेहमीच्या चार शायांचे, म्हणजे सायन (निळसर), मॅजेंटा (गुलाबीसर), पिवळा आणि काळा यांचे, सॉलिड म्हणजे पूर्ण भरीव रंग छापले तर उजळपणाच्या ० ते १०० च्या मापावर सायन साधारण ५५, मॅजेंटा ४८, मॅजेंटा अधिक पिवळा म्हणजे लाल ४७ आणि सायन अधिक पिवळा म्हणजे हिरवा ५० इतका येतो. चौघे एकाच उंचीचे! लालवर हिरवा किंवा मॅजेंटावर सायन, काहीही शेजारी ठेवा, कड हलणारच. सायन अधिक मॅजेंटा मिळून होणारा निळा २४ वर जातो, तो सावलीसाठी. पिवळा नव्वदीच्या आसपास, तो विसाव्यासाठी.

अट एकच: शाई ० टक्के किंवा १०० टक्के. सत्तर टक्के मॅजेंटा म्हणजे ठिपक्यांची जाळी. अक्षराची कड दातेरी होते आणि थरथर विझते. इंद्रधनुष्य हवंच असेल तर ते फाइलमध्ये करू नका, मशीनवर करा. एकाच डक्टमध्ये (मशीनच्या शाईच्या कुंडीत) दोन टोकांना दोन शाया भरल्या की मध्ये त्या मिसळतात आणि ठिपक्यांशिवाय एकातून दुसरा रंग उगवतो. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये स्क्वीजीसमोर (शाई ओढायच्या रबरी पट्टीसमोर) दोन शाया शेजारी ओतल्या की तेच होतं. कोणत्याही दोन प्रती तंतोतंत सारख्या येत नाहीत, एवढं आयोजकाला आधी सांगून ठेवा.

सगळं पान थरथरवू नका. तीनपैकी दोन भाग थरथर आणि एक भाग शांत पिवळा किंवा पांढरा, इतपत प्रमाण बरं. तारखेची ओळ शांत भागात.

पान बांधणं, आणि ट्रॅपचा घोळ

स्क्रायबसमध्ये ३५५.६ × ५०८ मिमीचं पान उघडा. फाइल मेनूतून इम्पोर्ट, गेट व्हेक्टर फाइल करून एसव्हीजी आणा. इंकस्केपमध्ये आरजीबी रंग असतात, ते इथे ‘फ्रॉम एसव्हीजी’ अशा नावांनी येतात. एडिट मेनूतल्या रंगांच्या यादीत जाऊन आधी स्वतःचे रंग बनवा: लाल म्हणजे ०-१००-१००-०, हिरवा १००-०-१००-०. मग आलेले रंग एकेक करून खोडा. खोडताना त्याऐवजी कोणता वापरू असं विचारलं जातं, तिथे आपला रंग द्या. स्पेशल कलर, म्हणजे त्या चार शायांबाहेरची तयार शाई, वापरणार असाल तर रंग बनवताना स्पॉट कलरवर खूण करा.

आता ट्रॅप. छापताना कागद थोडा सरकतो आणि दोन रंगांमध्ये पांढरी फट पडते, म्हणून एक रंग दुसऱ्यावर किंचित चढवतात. नेहमीच्या कामात हे बरोबर आहे. इथे लाल आणि हिरवा जिथे एकमेकांवर चढतात तिथे सायन, मॅजेंटा आणि पिवळा एकत्र येऊन जवळपास काळी रेघ तयार होते, आणि प्रत्येक अक्षराला काळी किनार मिळाली की डोळ्याला कड सापडते. पडद्यावर हलणारं पोस्टर छापून आल्यावर मख्ख दिसतं, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

उपाय त्या दोन रंगांतच आहे. लाल आणि हिरव्या दोघांतही पिवळा १०० टक्के आहे, म्हणजे पिवळ्याची प्लेट (त्या शाईचा छापायचा पत्रा) दोघांच्या खालून सलग जाते. कागद सरकला तरी फटीत पांढरा दिसणार नाही, पिवळा दिसेल, आणि बारीक पिवळी रेघ इथे शोभतेच. म्हणून लाल-हिरव्याला ट्रॅप देऊच नका आणि छापखान्याला जॉबसोबत लेखी द्या की ऑटो ट्रॅपिंग बंद ठेवा. मॅजेंटा-सायन जोडीला हा आधार नाही, तिथे थोडा ट्रॅप लागतोच. अक्षराला त्याच्याच रंगाची ०.२ मिमी रेघ द्या आणि ती ओव्हरप्रिंट करा, म्हणजे खालचा रंग न कापता त्यावर छापा. रेघ कडेवर मधोमध बसते म्हणून बाहेर ०.१ मिमीच जाते. ऑफसेट छपाईला एवढा पुरतो. स्क्रीन प्रिंटिंगला ०.३ ते ०.५ मिमी लागतो, तिथे काळी किनार येणारच. मग ती लपवण्यापेक्षा १ मिमीची करून नक्षी म्हणून वापरा. अक्षराची भरणी मात्र नॉकआउट, म्हणजे खालचा रंग कापून छापलेली, असू द्या. सायनवर मॅजेंटा चुकून ओव्हरप्रिंट राहिला तर अख्खं अक्षर गडद निळं येतं.

तारीख-जागेची ओळ एकाच शाईत, शक्यतो काळ्या ओव्हरप्रिंटमध्ये, १२ पॉइंटच्या खाली नाही. तीन शायांच्या सॉलिडमधून पांढरी अक्षरं काढायची असतील तर जाड वजन आणि १६ पॉइंट. बारीक टाइपाच्या वेलांट्या तिथे नक्की बुजतात.

पीडीएफ काढण्याआधी प्रिंट प्रिव्ह्यूमध्ये एकेक प्लेट वेगळी बघा (इनडिझाइनमध्ये सेपरेशन्स प्रिव्ह्यू). पिवळ्याच्या प्लेटवर अक्षरांची पुसटशीही कड दिसता कामा नये, तिथे अख्खी आकृती सलग भरलेली हवी. पीडीएफ/एक्स-३ हा छपाईसाठीचा प्रकार निवडा आणि स्पॉट कलर चार रंगांत बदलण्याची खूण काढून टाका. ती राहिली तर स्पेशल शाईचे पैसे मोजून ठिपकेच हाती येतात.

मधलं चित्र

चित्र असेल तर तेही अक्षरांच्याच भाषेत, करड्या छटांशिवाय. फोटोला गिंपमध्ये हलका ब्लर द्या, मग थ्रेशोल्ड (नुसतं काळं-पांढरं), मग इंकस्केपमध्ये ट्रेस बिटमॅप (चित्राचे पाथ). ब्लर दिला नाही तर चेहऱ्यावर पुरळ उठल्यासारखे शेकडो ठिपके ट्रेस होतात. जुन्या कोरीव चित्रांवर हात मारणं या परंपरेत बसतंच. माउस आणि केली यांचा गुलाबांचा मुकुट घातलेला सांगाडा मुळात एडमंड सलिव्हन यांनी उमर खय्यामच्या रुबायांसाठी काढलेल्या चित्रावरून घेतलेला. पण १९६६-६७ ची पोस्टरं स्वतः उचलू नका, त्यांतल्या अनेकांचे हक्क अजून शाबूत असू शकतात.

मोस्कोसो यांची एक करामत घरी सहज जमते. एकच आकृती दोन स्थितींत काढा, उदाहरणार्थ पंख वर आणि पंख खाली. एक लालमध्ये, दुसरी सायनमध्ये, एकमेकींवर ओव्हरप्रिंट. लाल दिव्यात पांढरा कागद आणि लाल शाई एकसारखीच लाल दिसते, म्हणून लाल आकृती नाहीशी होते आणि सायनची काळी उमटते. निळसर दिव्यात उलट. दोन रंगांचे दिवे आळीपाळीने लावले की पंख हलतात.

कागद आणि मशीन

आर्ट पेपर १३० ते १७० जीएसएम घेतला तर वर दिलेले आकडे जमतात. मॅपलिथो (लेप नसलेला कागद) शाई पितो, रंग मिटतात आणि थरथर निम्मी होते. जुनाट मऊपणा हवा असेल तरच तो घ्या. झगझगीत गुलाबी किंवा केशरी हवा असेल तर फ्लोरोसंट शाई स्पेशल कलर म्हणून मागा, पँटोनच्या ८०१ ते ८०७ या क्रमांकांत ती मिळते. चार शायांतून तो झगझगाट येत नाही, पडद्यावर कितीही दिसो. ही शाई अर्धपारदर्शक असते, त्यामुळे दोनदा मारावी लागते, आणि उन्हात लवकर उडते. बाहेर भिंतीवर लागणाऱ्या प्रतींसाठी ती घेऊ नका.

मशीन प्रूफ बघायला स्वतः जा आणि भिंग न्या. आधी रजिस्ट्रेशनच्या (रंग एकमेकांवर नीट जुळल्याच्या) खुणा बघा, मग सगळ्यात अरुंद फट. ती बुजलेली असेल तर शाई कमी करायला सांगण्याआधी चार-पाच शीट पुढच्या बघा, सुरुवातीला शाई चढलेलीच असते. इतका सॉलिड भरणा असलेले कागद एकावर एक उंच रचले की वरच्याच्या पाठीला खालची शाई लागते. गठ्ठे लहान करायला सांगा, पावडर मारायला सांगा आणि पुढचे चोवीस तास कटिंगला देऊ नका. ओल्या सॉलिडवर कटिंग मशीनचा क्लॅम्प बसला की पांढऱ्या किनारीवर हिरवे ठसे येतात.